एकशे अठरा नंबरची बस

शनिवार, २२ ऑगस्ट २००९

ओव्हन उघडला तर आत बेअरिंग. माझ्या केकच्या ताटात, ग्रीसमध्ये माखलेलं, चुरचुरत पडलेलं. घरभर जळक्या तेलाचा वास. पडदे काढून धुवायला टाकले तरी जात नाही.

"तापवल्याशिवाय बसत नाही ते," विल्फ म्हणाला. जशी काही मला ही नवी माहिती.

एकतीस वर्षं ऐकतेय. १९७८ साली विल्फ आणि त्याचा दोस्त गॉर्डन प्लॅट यांनी ती दुमजली बस भंगारवाल्याच्या आवारातून ओढून आणली. एल्डरशॉ गावाची जुनी बस, नंबर एकशे अठरा. तिच्यात तेव्हा कोंबड्या राहत होत्या. तेव्हापासून माझं घर म्हणजे तिची अडगळ. पाहुण्यांच्या खोलीत सीटच्या स्प्रिंगा. बाथटबमध्ये रेडिएटर. पावावर काळी बोटं. आमच्या गिलियनच्या लग्नात हा तिचा हात धरून चर्चमध्ये चालला होता, सगळे मुलीकडे बघत होते, मी याच्या नखांकडे.

वीस सप्टेंबरच्या रविवारी त्यांच्या क्लबाचा जुन्या गाड्यांचा दिवस. म्हणजे आता महिनाभर दुसरा विषय नाही. आणि त्या दिवशी मी सकाळपासून चहाच्या टेबलामागे. एकोणीस वर्षं उभी राहतेय तिथे. दाढीत अंड्याचे कण अडकलेले बाप्ये वहीत गाड्यांचे नंबर लिहीत येतात, पिळलेली चहाची पुडी माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर ठेवतात आणि विचारतात, "बिस्किट आहे का?"

केक टाकून दिला.

मंगळवार, २५ ऑगस्ट

विल्फने चहा टेबलावर ओतला. कपात नाही — कपाच्या शेजारी. शांतपणे ओतत राहिला, कडेवरून माझ्या पायावर पडेपर्यंत.

"कपाला चीर गेलीय," म्हणाला.

कप धुऊन खिडकीत उजेडाला धरला. कुठेही चीर नाही.

बुधवार, २६ ऑगस्ट

आज जे सापडलं ते लिहून ठेवते.

त्याची डांगरी धुवायला घेतली. खिशात तेलाची चिंधी, दोन स्क्रू, अर्धी चघळून चिंधीला चिकटलेली पुदिन्याची गोळी — शी — आणि घडी घातलेला कागद. डोळ्यांच्या इस्पितळाचा. विल्फ्रेड सग्डन, वय बहात्तर. तीन तारखा: बारा फेब्रुवारी, तेवीस एप्रिल, नऊ जुलै. दोन्ही डोळे. मधली नजर गेलेली, कडेची शाबूत. सुधारण्यासारखं नाही. आणि खाली डॉक्टरने हाताने लिहिलेलं, खाली दोन रेघा मारून: वाहन चालवू नये.

तिन्ही गुरुवार. तिन्ही वेळा मला सांगून गेला होता — गॉर्डनबरोबर लीड्सला जातो, पार्ट आणायचेत. एप्रिलमध्ये तर येताना माझ्यासाठी टॉफीचा डबा आणला होता. इतकं खोटं बोलून आलेला माणूस डबा पुढे करतो, आणि मी बसून ती टॉफी खाते! आठवलं आणि तोंड धुऊन आले.

कागद होता तसा घडी करून खिशात ठेवला. डांगरी न धुताच खुंटीला लावली. आज ना उद्या सांगेल. सांगायलाच हवं.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

नाही सांगितलं.

सोमवार, ३१ ऑगस्ट

सुट्टी. बाहेर पाऊस. दोघंही घरात.

आता सगळं दिसायला लागलंय. टीव्हीकडे तो तिरका बसून बघतो. शेजारची आयरीन समोर येऊन उभी राहिली तरी ती बोलेपर्यंत थांबतो, मग "अगं आयरीन!" करून हसतो. मार्चपासून आमची छोटी गाडी मीच चालवतेय, कारण याचा गुडघा दुखतो. गुडघा! रोज क्लबाच्या शेडमध्ये जाऊन त्या बसच्या खाली आडवा होतो तेव्हा तो गुडघा कुठे असतो?

दुपारी मी एक वाईट गोष्ट केली. मिठाची बाटली नेहमीच्या जागेवरून उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. मग बसून बघत राहिले. त्याचा हात टेबलावर फिरला. हळूच, मला कळू नये असा, करंगळी पुढे करून. ताटाच्या मागे, पावाच्या मागे. शेवटी हात मागे घेतला आणि बटाटे अळणीच खाल्ले.

"मीठ नको?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात कमी खा."

किती सहज. मला त्याच्या चघळण्याचा आवाजसुद्धा सहन होईना. उठून भांडी घासायला लागले.

गुरुवार, ३ सप्टेंबर

गुरुवारी विल्फ दिवसभर शेडवर असतो. मी कधी जात नाही. आज धुतलेले रुमाल पोचवायचं निमित्त काढून गेले.

फाटकातच होते तेवढ्यात शेडच्या मागून इंजिनचा आवाज आला. एकशे अठरा मागच्या आवारात फिरत होती. कोपऱ्यावरून तिचा मागचा भाग तेवढा दिसला, उघडं पायदान आणि तो पांढरा खांब, आणि गेली. मग गिअर पडला. तो आवाज! लोखंडाने लोखंड खावं तसा. पुन्हा पडला, पुन्हा तसाच. त्या गाडीचा गिअर टाकणं अवघड, हे मला एकतीस वर्षांत पाठ झालंय. क्लच दोनदा दाबायचा, मधे कानाने अंदाज घ्यायचा. क्लबात ते विल्फलाच नीट जमतं. त्याच्या हाताखाली ती कधी ओरडत नाही, याचाच तर त्याला केवढा गर्व.

आज ती डुकरासारखी किंचाळत होती.

रुमाल फाटकावर अडकवले आणि परत आले. चॅपल बँकचा उतार डोळ्यांपुढून जात नाही. वीस तारखेला लोकांना बसवून फेरी निघते, ती तिथूनच उतरते. बाजाराच्या टोकापर्यंत सरळ खाली, डाव्या हाताला शाळेची भिंत. वर-खाली मिळून साठ माणसं. लहान मुलं पळत जाऊन वरच्या मजल्यावर पुढची सीट धरतात.

संध्याकाळी विल्फ आला, हात धुतले, म्हणाला, "आज गाडी मस्त चालली."

रविवार, ६ सप्टेंबर

चर्चहून थेट गॉर्डनकडे गेले. गॉर्डन प्लॅट क्लबाचा अध्यक्ष. अध्यक्ष झाल्यापासून घरातही कोटावर बिल्ला लावतो. बागेत खुर्ची टाकून बसला होता, मिशीवर सकाळच्या अंड्याचं पिवळं वाळलेलं. समोर रंगाचे दोन नमुने. १९५३ साली बसचा मरून रंग नेमका कुठला होता यावर बारा वर्षं भांडताहेत ते.

मी म्हटलं, "गॉर्डन, विल्फच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे?"

त्याने नमुने खाली ठेवले. कानापर्यंत लाल झाला. "तुला त्याने सांगितलं?"

"म्हणजे माहीत आहे."

"एनिड, अगं —"

"वीस तारखेला एकशे अठरावर कोण आहे?"

"ते सगळं ठरलंय. तू काळजी करू नकोस. फक्त रविवार होऊ दे."

"काय ठरलंय?"

"ते मी सांगणं बरोबर नाही. त्याच्यापाशी आत्ता काढू नकोस. एवढं कर माझ्यासाठी. माणसाची इज्जत असते, एनिड."

इज्जत. साठ माणसं उतारावर, आणि याला इज्जत सुचतेय. मी त्याच्या मिशीकडे बघत राहिले. मला वाटलं, हे म्हातारे आता एकमेकांसाठी माणसंही मारतील आणि मग बसून रंगाचा नमुना निवडतील. क्लबात गिअर कळणारा एकच माणूस, तो गेला तर यांची बस शेडमध्ये उभी. म्हणून सगळे गप्प.

"अंडं पूस," म्हटलं आणि निघाले.

फाटकाबाहेर जॅनिस ऑग्डन भेटली, त्याच्याकडेच निघालेली. क्लबातली एकमेव बाई. चाळिशीची, दिवसभर गावातल्या रोजच्या बस चालवते आणि सुट्टीत यांच्यात येते. हिला घेतलंय ते सीटची कापडं शिवायला, असं मी धरून चालले होते. मला बघून ती थबकली. "नमस्ते, मिसेस सग्डन," म्हणाली आणि तिची नजर खाली गेली.

म्हणजे हिलाही माहीत.

बुधवार, ९ सप्टेंबर

गिलियनला फोन केला. सगळं सांगितलं. 

ती म्हणाली, "आई, तू बाबांना सरळ विचारलंस का?"

"विचारलं तर खोटं बोलेल."

"नाही बोलणार कदाचित."

"तू त्याला ओळखत नाहीस."

"आई, मी त्यांची मुलगी आहे."

"मी बायको आहे. चव्वेचाळीस वर्षं. मी विचारणार नाही. त्याने सांगायचं."

ती म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे ना." ते वाक्य तिने पुरं केलं नाही. मग मुलांच्या शाळेचं बोलत राहिली.

विचारावंसं वाटत नाही हे खरं आहे. त्याचं खोटं बोलतानाचं तोंड मला बघायचं नाही. मिठाच्या वेळी बघितलं तेवढं पुरे.

शनिवार, १२ सप्टेंबर

बेसिनमध्ये पुन्हा ग्रीस. दोनदा घासलं. माझ्या साबणात काळी रेघ उमटलेली. वडीच फेकून दिली.

सोमवार, १४ सप्टेंबर

जेवताना विल्फ एकदम म्हणाला, "रविवारी येशील ना?"

"एकोणीस वर्षं येतेय."

"चहापाशी नाही. गाडीपाशी. साडेदहाला. निघायच्या आधी."

"त्या वेळी मला शंभर कप मांडायचे असतात."

"पाच मिनिटं, एनिड."

एकतीस वर्षांत त्याने मला गाडीपाशी बोलावलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या डाव्या कानाकडे बघत होता. आता कळतं, कडेच्या नजरेने मला धरायला बघत होता. आधी मला वाटायचं, हा माझ्याकडे धड बघतही नाही.

म्हटलं, "बघू."

मनातून मात्र उसळलं. मी समोर उभी राहून याची सलामी घ्यायची! आंधळा माणूस स्टिअरिंगवर बसणार, आणि बायकोने रुमाल हलवायचा. लाज कशी वाटत नाही?

गुरुवार, १७ सप्टेंबर

विल्फ शेडवर. आल्यावर खूश होता. गुणगुणत हात धूत होता. मी रेडिओ मोठा केला.

शनिवार, १९ सप्टेंबर

दिवसभर त्याची तयारी. जुना ड्रायव्हरचा कोट काढला, बटणं ब्रशने घासली. टोपीचा पत्र्याचा बिल्ला. बुटाला पॉलिश करताना मी दारातून बघत होते. बुटाकडे बघतच नव्हता. बोटाने शिवण चाचपत, तिथून रंग पुढे सरकवत होता. झाल्यावर बूट माझ्यासमोर धरून म्हणाला, "चकाकतोय का?"

उजव्या बुटाच्या टाचेवर पॉलिश लागलं नव्हतं. मी म्हटलं, "चकाकतोय."

आता मीही खोटं बोलायला लागले.

ठरवलंय. उद्या त्याला चालवू द्यायचं नाही. पोलिसांत जाणार नाही. एवढं माझ्याने होणार नाही. पण त्या गाडीपुढे मी उभी राहीन. बोलावलंच आहे ना त्याने मला, साडेदहाला.

रविवार, २० सप्टेंबर

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

ऊन होतं. दरवर्षी पाऊस असतो, आज ऊन. जुन्या ट्राम शेडच्या पुढे अकरा गाड्या रांगेत. दुमजली, एकमजली, सहलीला जायच्या त्या लांब नाकाच्या दोन. माणसं इतकी की पाय ठेवायला जागा नाही. धूर, घामट लोकरीचा वास, तळलेल्या कांद्याचा वास. कपांची रांग मांडत होते तर एक दाढीवाला येऊन अंगठा थुंकीने ओला करून जुनी तिकिटं मोजायला लागला, माझ्या बिस्किटांवर. मला तिथेच सगळं ढकलून द्यावंसं वाटलं.

सव्वादहाला एकशे अठरा शेडमधून बाहेर आणली. कोणी आणली ते गर्दीत दिसलं नाही. मरून आणि सायीचा रंग, काचा लखलखीत. सगळे टाळ्या वाजवत होते. कपाळावरच्या कापडी पाटीवर गावाचं नाव नाही, "खास फेरी". लोक चढायला लागले. मुलं धावत वर.

साडेदहाला मी ॲप्रन काढला आणि गेले.

विल्फ इंजिनच्या बाजूच्या त्या चिमुकल्या केबिनचं दार उघडून वर चढत होता. कोट, टोपी. पाय ठेवायची खोबण त्याने हाताने चाचपली — मी बघितलं, बाकी कोणी बघितलं नाही. वर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. सगळ्यांनी कॅमेरे वर केले. गॉर्डन बाजूला भोंगा घेऊन, हातात कागद. दरवर्षीचं त्याचं भाषण. विल्फने माझ्या दिशेला मान वळवली, नेमकी माझ्याकडे नाही, जरा डावीकडे, आणि हसला.

त्या हसण्याने माझं डोकं गेलं.

मी बसच्या पुढे जाऊन उभी राहिले. रेडिएटरला पाठ टेकेल इतकी जवळ. हात पसरले. गॉर्डन म्हणाला, "एनिड, थांब, एक मिनिट —"

मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

"याला दिसत नाही! हा माणूस आंधळा आहे. तुमची पोरं खाली उतरवा. या सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मला फेब्रुवारीपासून फसवतोय हा. उतर, विल्फ. उतर खाली."

 कांदे तळणाऱ्या बाईनेसुद्धा झारा थांबवला. मग वरच्या मजल्यावर एक आई मुलाला हाताला धरून उठली. तिच्यामागे दुसरी. पायऱ्यांवर पावलांचा आवाज.

विल्फने मान समोर वळवली. स्टिअरिंगवरचे हात तसेच, बराच वेळ. मग त्याने टोपी काढली, सीटवर ठेवली आणि उतरायला लागला. खोबण सापडेना. पाय हवेत. एकदा, दोनदा. कोणीतरी पुढे झालं तर त्याने हात केला — नको. शेवटी सापडली. माझ्या बाजूने गेला, माझ्याकडे न बघता. गर्दी बाजूला झाली, जशी कोणी आजारी माणसासाठी होते. कॅमेरे खाली गेले होते, एक सोडून. तो एक टिपतच होता.

आणि दोन मिनिटांत — दोन मिनिटांत! — जॅनिस ऑग्डन शेडच्या दारातून आली. ड्रायव्हरच्या कोटात, बटणं लावलेली. डोळे लाल. केबिनमध्ये चढली, इंजिन सुरू केलं. गिअर टाकला, लोण्यात सुरी जावी तसा गेला. एकशे अठरा अर्धी रिकामी निघाली आणि वळणावरून नाहीशी झाली.

बघा. दुसरा ड्रायव्हर होता यांच्याकडे. तयार होता, पण विल्फला वर बसवायचं होतं. मैत्री म्हणे.

गॉर्डन कागद घडी करत होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मी परत जाऊन कप धुतले. शंभरच्या शंभर.

येताना गाडीत विल्फ बाजूला बसला होता. चॅपल बँकपाशी आल्यावर म्हणाला, "हँडब्रेक लावलेला होता."

एवढंच. मी माणसं वाचवली आणि याला हँडब्रेक!

सोमवार, २१ सप्टेंबर

दोन शब्दसुद्धा नाहीत. "दूध संपलंय" — ते मी बोलले.

मंगळवार, २२ सप्टेंबर

आयरीन कुंपणावरून म्हणाली, "बरं केलंस गं. कोणीतरी बोलायला हवंच होतं. माझी नातवंडं होती वर." बेकरीतही दोघी तेच म्हणाल्या. एकीने माझा हात दाबला. मला बरं वाटलं. का वाटू नये?

विल्फने डांगरी स्वतः धुतली. वाळत घातली. ओव्हन रिकामा, बेसिन स्वच्छ. एकतीस वर्षांत पहिल्यांदा घराला कसला वास नाही.

गॉर्डनचा फोन आला होता. मी आवाज ओळखून ठेवून दिला.

गुरुवार, २४ सप्टेंबर

आज विल्फ शेडवर गेला नाही. साडेनऊला सवयीने कोट घातला, दारापर्यंत गेला, दारात उभा राहिला, मग कोट काढून खुंटीला लावला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला. जेवायला हाक मारली तेव्हा आला.

मीठ त्याच्या हाताशी ठेवलं होतं. त्याने घेतलं नाही.

मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."

तो म्हणाला, "हो."

मी वाट बघितली. तो ताटातला वाटाणा काट्याने शोधत होता, आणि मला उठून जावं की त्याचा हात धरावा कळेना. उठून गेले.

शनिवार, २६ सप्टेंबर

जॅनिस आली होती. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहिली. 

म्हणाली, "मिसेस सग्डन, त्यांनी जुलैमध्येच परवाना परत पाठवला. स्वतःहून. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी मला गाडी शिकवत होते. गिअर माझ्या हातून किंचाळायचा तेव्हासुद्धा कधी रागावले नाहीत. रविवारी ते चालवणार नव्हतेच. शेडमधून गाडी मीच आणली होती. फक्त एकदा आत बसायचं, मग गॉर्डन सांगणार होता सगळ्यांना, आणि ते त्यांची टोपी मला देणार होते. आणि वरची पुढची सीट तुम्हा दोघांसाठी राखून ठेवली होती."

मी विचारलं, "क्लबात सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग मलाच का नाही?"

ती पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीही विचारलं होतं त्यांना. म्हणाले, एनिडला मी सांगेन, पण त्याच दिवशी. आधी सांगितलं तर माझी गाडी सुटली म्हणून तिला आनंद होईल. तो बघत महिनाभर घरात राहणं मला जमायचं नाही."

ती गेली. विल्फ अंगणात आहे. दार उघडंच आहे, मी अजून बाहेर गेलेली नाही.

मला आनंद झाला असता.